ज्या द्रवाला मागचे आठवते

वितळलेल्या प्लास्टिकवर काम करणाऱ्या माणसाला सर्वाधिक वेळा विचारला जाणारा प्रश्न एकच असतो: याची श्यानता, म्हणजे वाहण्याला होणारा विरोध, किती? विचारणारा साचे बनवणारा असो, एक्स्ट्रूडर चालवणारा असो किंवा संगणकावर साच्यातल्या प्रवाहाचे गणित मांडणारा असो, त्याला एक आकडा हवा असतो. फार तर तापमान आणि कर्तनदर (द्रवाचे थर एकमेकांवरून किती वेगाने सरकतात तो दर) यांनुसार बदलणारी एक वक्ररेषा. पॉलिथिलीन किंवा पॉलिस्टायरीनच्या बाबतीत ही मागणी रास्त आहे आणि ती पुरवताही येते. वितळलेल्या द्रवस्फटिकी पॉलिमरांच्या (वितळल्यावरही ज्यांचे रेणू एका दिशेने लागलेले राहतात अशांच्या) बाबतीत मात्र उत्तर देण्याआधी मी घुटमळते. माझ्यापाशी आकडा नसतो असे नाही. उलट, एकाच पोत्यातल्या दाण्यांचे, एकाच तापमानाला, एकाच यंत्रावर मी दोन वेगवेगळे आकडे काढून दाखवू शकते आणि ते दोन्ही बरोबर असतात. मोजणीपूर्वी त्या नमुन्यावर काय काय गुजरले आहे हे सांगितल्याशिवाय या द्रवाच्या श्यानतेविषयीचे विधान अर्धवट राहते, असे माझे मत या कामात राहून झाले आहे, आणि ते का झाले हे थोडे सविस्तर लिहावे असे बरेच दिवस मनात होते.

आधी नेहमीचे पॉलिमर घेऊ. त्यांची साखळी लवचीक असते आणि वितळलेल्या अवस्थेत तिची सैलसर गुंडाळी होते. अशा असंख्य गुंडाळ्या एकमेकींत गुरफटलेल्या असतात. साखळी पुरेशी लांब असली की श्यानता रेणुभाराच्या साधारण ३.४ व्या घाताने वाढते, म्हणजे लांबी दुप्पट केली की श्यानता दहापटीहून थोडी अधिक होते. प्रवाहात या गुंडाळ्या ताणल्या जातात, प्रवाहाच्या दिशेने झुकतात, आणि प्रवाह थांबला की आपल्या मूळ आकाराकडे परत येतात. या परतीला लागणारा काळ बहुधा इतका कमी असतो की थोडा वेळ थांबले की द्रवावर आधी काय झाले याचा मागमूसही उरत नाही. अशा द्रवाला विश्रांतीची एकच अवस्था असते आणि तो कुठूनही निघाला तरी तिथेच येऊन पोहोचतो. ऱ्हिऑलॉजीच्या, म्हणजे पदार्थांच्या वाहण्याच्या अभ्यासाच्या, बहुतेक प्रमाणित पद्धती मुळात या विसराळूपणाच्या भरवशावर उभ्या आहेत. नमुना भरा, जरा थांबा, मोजा.

द्रवस्फटिकी पॉलिमरांच्या साखळ्या ताठ असतात. त्यांच्यातला सर्वांत परिचित घटक म्हणजे पॅरा-हायड्रॉक्सीबेंझोइक आम्ल. बेंझिनची वलये एस्टर बंधांनी सरळ रेषेत जोडत गेले की जी साखळी तयार होते ती वाकायला जवळजवळ तयारच नसते. नुसत्या याच घटकाचा पॉलिमर केला तर तो वितळण्याआधीच विघटित होऊ लागतो, म्हणून त्याचा प्रवाह हा प्रश्नच उद्भवत नाही. तो वितळावा यासाठी रसायनज्ञांनी साखळीच्या नियमितपणात मोजून-मापून खोडा घातला. कुणी पॉलिएथिलीन टेरेफ्थॅलेटचे लवचीक तुकडे मध्ये पेरले, कुणी बायफेनॉल वापरले, तर कुणी नॅप्थॅलीनचे जोडवलय घालून सरळ रेषेला किंचित बाजूला सरकवले. १९८० च्या दशकाच्या मध्यात बाजारात आलेल्या एका प्रसिद्ध पॉलिएस्टरमध्ये हायड्रॉक्सीबेंझोइक आणि हायड्रॉक्सीनॅप्थोइक आम्लांचे प्रमाण ७३ ला २७ असे आहे; तो सुमारे २८० अंश सेल्सिअसला वितळतो, आणि वितळल्यावरही त्याच्या साखळ्या शेजारीशेजारी एकाच दिशेने लागलेल्या राहतात. स्थानांचा क्रम गेलेला, दिशेचा क्रम टिकून असलेला, अशी ही मधली अवस्था आहे. साध्या रेणूंमध्ये ती १८८८ साली फ्रीड्रिख राइनिट्झर यांना कोलेस्टेरिल बेंझोएटमध्ये दिसली होती. पॉलिमरांमध्ये तिचे महत्त्व पटायला आणखी बरीच दशके गेली.

या अवस्थेचा प्रवाहाशी असलेला संबंध मला सर्वाधिक स्पष्टपणे दिसतो तो डब्ल्यू. जे. जॅक्सन आणि एच. एफ. कुहफस यांनी १९७६ साली प्रसिद्ध केलेल्या कामात. टेनेसी ईस्टमन कंपनीतल्या या दोघांनी पॉलिएथिलीन टेरेफ्थॅलेटमध्ये हायड्रॉक्सीबेंझोइक आम्लाचे प्रमाण टप्प्याटप्प्याने वाढवत नेले. ताठ घटक वाढला की साखळी ताठ होणार आणि द्रव घट्ट होत जाणार, ही कुणाचीही सहज अपेक्षा. सुमारे ३० मोल टक्क्यांपर्यंत तसे झालेही. त्यापुढे मात्र श्यानता उतरू लागली, आणि ६० ते ७० टक्क्यांच्या दरम्यान ती तळाला पोहोचली. वितळलेला पदार्थ त्याच वेळी पारदर्शकता सोडून गढूळ झाला होता. त्याआधी १९६५ मध्ये स्टेफनी क्वोलेक यांच्या ॲरामिडच्या (ताठ साखळीच्या एका पॉलिमरच्या) द्रावणातही गढूळपणा आणि पातळपणा असे एकत्रच आले होते, आणि ते द्रावण तंतू काढण्याच्या यंत्रात घालायला सहकारी आधी राजी नव्हता ही हकीकत बरीच सांगितली जाते. गढूळपणाचा अर्थ दोन्हीकडे सारखाच आहे: लहान लहान प्रदेशांत रेणू एका दिशेने लागलेले आहेत, पण प्रत्येक प्रदेशाची दिशा निराळी आहे, आणि प्रकाश त्या सीमांवर विखुरतो आहे.

दाटीतले ताठ रेणू वाटेल त्या दिशांना विखुरलेले असले की कुणालाच वळता येत नाही. प्रत्येकाच्या फिरण्याच्या वाटेत शेजारी आडवे आलेले असतात. लार्स ऑनसॅगर यांनी १९४९ साली आणि पॉल फ्लोरी यांनी १९५६ साली वेगवेगळ्या मार्गांनी दाखवून दिले की एका मर्यादेपलीकडे दाटी वाढली की ताठ दांड्यांना समांतर लागण्यावाचून गत्यंतर उरत नाही, आणि त्यासाठी त्यांच्यात आकर्षण असण्याचीही गरज नाही. जागेचे गणितच त्यांना रांगेत आणते. एकदा रांग लागली की ते एकमेकांच्या अंगावरून लांबीच्या दिशेने सरकू शकतात आणि अडथळा एकदम कमी होतो. द्रावणांत हे तीव्रता वाढवून दिसते: श्यानता चढत जाते, शिखर गाठते आणि रांग लागताच खाली येते. वितळलेल्या पॉलिमरात तीव्रता हातात नसते, म्हणून जॅक्सन आणि कुहफस यांनी घटकांचे प्रमाण बदलून जे दाखवले त्याला माझ्या लेखी फार मोल आहे.

पण रांग लागली म्हणजे श्यानता कमी झाली, हे वाक्य जितके सरळ दिसते तितके ते सरळ नाही. रांगेला दिशा असते आणि प्रवाहालाही दिशा असते; दोन्हींमधला कोन ठरवल्याशिवाय श्यानता कुठली? पोलंडचे भौतिकशास्त्रज्ञ मारियान म्येन्सोविच यांनी ही गोष्ट साध्या रेणूंच्या द्रवस्फटिकावर फार सुंदर रीतीने दाखवली. चुंबकीय क्षेत्राने रेणूंची दिशा पक्की धरून ठेवायची आणि मग प्रवाह सोडायचा, अशी ती पद्धत होती. पॅरा-ॲझॉक्सिॲनिसोलमध्ये रेणू प्रवाहाच्या दिशेने असताना श्यानता सर्वांत कमी भरली. तेच रेणू वेग ज्या दिशेने बदलतो त्या दिशेने उभे धरले तेव्हा ती जवळजवळ चौपट झाली. आणि दोन्ही दिशांना काटकोनात आडवे धरले तेव्हा मधली. एक पदार्थ, एक तापमान, तीन श्यानता. पॉलिमरच्या लांब साखळ्यांत हा फरक आणखी मोठा असतो, आणि तिथे रेणूंना धरून ठेवणारे कुणी नसते. त्यांची दिशा प्रवाह ठरवतो, आणि प्रवाहाला होणारा विरोध ती दिशा ठरवते. आकड्याविषयीच्या माझ्या घुटमळण्याचे मूळ या परस्परावलंबनात आहे.

शिगेहारू ओनोगी आणि तादाहिरो असादा यांनी १९८० साली द्रवस्फटिकी पॉलिमरांच्या श्यानतेचा एक सर्वसाधारण आलेख मांडला आणि तो आजही प्रत्येक व्याख्यानात पहिल्या काही पानांत येतो. कर्तनदर वाढवत गेले की आधी श्यानता उतरते, मग काही अंतर सपाट राहते, मग पुन्हा उतरते. शेवटचा उतार आणि मधला सपाट भाग नेहमीच्या पॉलिमरांतही असतो. नवल पहिल्या भागाचे आहे. नेहमीचे पॉलिमर जितके हळू हलवावे तितकी त्यांची श्यानता एका ठरावीक मूल्यावर स्थिरावते, आणि ते मूल्य त्या पदार्थाची ओळख मानले जाते. इथे हळू हलवू लागले की श्यानता वाढतच जाते. मघाशी ज्याला पातळ म्हटले तोच द्रव अगदी सावकाश ढकलला तर जागचा हलायला कुरकुरतो.

ओनोगी आणि असादा यांचे स्पष्टीकरण प्रदेशांचे होते. हळू प्रवाहात वेगवेगळ्या दिशांचे प्रदेश एकमेकांवर रचलेले असतात आणि त्यांच्या सीमा, म्हणजे जिथे दिशेचा मेळ बसत नाही अशा दोषरेषा, प्रवाहाला अडवतात. वेग वाढला की प्रदेश सुटे होऊन तरंगू लागतात. आणखी वाढला की सगळ्यांची दिशा एक होऊ लागते. चित्र पटणारे आहे आणि पुढे जुझेप्पे मारुच्ची यांनी त्याला मापनाचा आधारही दिला. दिशेच्या वळणाला या द्रवात एक प्रकारची लवचीकता असते. रेणूंची दिशा जितक्या कमी अंतरात बदलेल तितके बळ अधिक लागते. प्रवाहाचा जोर दोषांची वीण बारीक करत नेतो आणि ही लवचीकता तिला जाड ठेवू पाहते. दोन्ही तुल्यबळ होतात तिथे विणीचा आकार ठरतो. त्यातून असे निघते की कर्तनदर चौपट केला की दोषांमधले अंतर निम्मे होते. ध्रुवित प्रकाशाच्या सूक्ष्मदर्शकाखाली, तापत्या काचपट्ट्यांमध्ये पातळ थर सरकवत पाहिले की वीण बारीक होत जाताना खरोखर दिसते. आणि सरकवणे थांबवले की थोड्या वेळाने प्रवाहाला काटकोनात काळेउजळे पट्टे उमटतात, जे प्रवाह चालू असताना नव्हते. थांबलेला द्रव मागचे निस्तरत असल्याची ती खूण असते.

तरीही तीन भागांचा तो आलेख नियम म्हणून शिकवला जातो तेव्हा मी जरा नाराज होते. काही पदार्थांत सपाट भाग दिसतच नाही, काहींत पहिला भाग दिसत नाही, आणि वितळणाऱ्या पॉलिएस्टरांत पहिला भाग दिसला तरी तो दोषांमुळेच आहे असे म्हणता येत नाही. त्यांच्यात एक दुसरा संशयित हजर असतो: न वितळलेले बारीक स्फटिक. साखळीतल्या घटकांचा क्रम यादृच्छिक असल्यामुळे कुठेतरी एकाच घटकाची लांब सलग ओळ येते, आणि अशा जुळत्या ओळी शेजारी आल्या की त्यांचा स्फटिक नेहमीच्या वितळणबिंदूच्या बराच वर तग धरतो. अशा स्फटिकांची संख्या थोडी असली तरी ते साखळ्यांना जागोजागी बांधून ठेवतात आणि हळू प्रवाहात द्रव घन पदार्थाच्या वळणावर जातो. आलेख दोन्ही कारणांनी सारखाच दिसतो.

आता प्रत्यक्ष मोजणी कशी होते ते जवळून पाहू, कारण खरी गंमत तिथे आहे. दाणे आधी दीडशे अंशांच्या आसपास काही तास वाळवावे लागतात. एस्टर बंध ओलाव्याने तुटतात, आणि दमट नमुन्याची श्यानता मोजता मोजता उतरत जाते. वाळलेले दाणे ऱ्हिओमीटरच्या, म्हणजे श्यानता मोजणाऱ्या यंत्राच्या, दोन तापलेल्या गोल तबकड्यांमध्ये ठेवायचे, नायट्रोजन सोडायचा, ते वितळले की वरची तबकडी हळूहळू खाली आणायची. याच क्षणी पहिला इतिहास लिहिला जातो. तबकडी खाली येताना द्रव मधून बाहेर, चहूबाजूंनी पसरतो, आणि रेणू त्या पसरण्यानुसार लागतात. नेहमीच्या पॉलिमरात तबकडीवर जाणवणारा उभा जोर काही सेकंदांत किंवा मिनिटांत शून्याजवळ येतो. इथे तो आकडा पडद्यावर रेंगाळतो. कडेला बाहेर आलेला जादा द्रव पात्याने कापून काढायचा असतो. तो सुटून येताना त्याचे तंतू निघतात, आणि ते ओढताना आतल्या रेणूंवर आणखी एक हात फिरतो. मोजणी अजून सुरू झालेली नाही आणि नमुना आधीच अनुभवी झाला आहे.

मग थांबावे, त्याला विसरू द्यावे, हा सल्ला साहजिक वाटतो. अडचण अशी की थांबणे हीदेखील या द्रवाच्या बाबतीत एक घटना असते. वितळणबिंदूच्या थोडेच वर थांबले तर मघाचे चिवट स्फटिक शिल्लक राहतातच, शिवाय वेळ मिळाला की नवे, आणखी चिवट स्फटिक वाढू शकतात आणि श्यानता चढू लागते. शिवाय साखळ्यांची टोके एकमेकांशी अभिक्रिया करून साखळ्या लांबवतात. तापमान बरेच वर नेऊन स्फटिक पुसून टाकावेत आणि मग खाली यावे, तर ते जमते. ३२० ते ३३० अंशांची फेरी मारून २९० ला उतरलेला नमुना थेट २९० ला पोहोचलेल्या नमुन्यापेक्षा पातळ भरतो. पण वर फार रेंगाळले की विघटन सुरू होते आणि द्रवात बुडबुडे दिसू लागतात. पॉलिस्टायरीन पूर्ण समदिश (कुठल्याच दिशेला झुकते माप नसलेला) द्रव होईपर्यंत तापवून पूर्वस्मृती पुसता येते. बेंझिन-वलयांच्या या पॉलिएस्टरांपैकी बहुतेकांना ती अवस्था गाठण्याआधीच साखळी तुटण्याचे तापमान लागते. कोरी पाटी मिळतच नाही.

म्हणून या क्षेत्रातले जाणते लोक उलट वाट धरतात. इतिहास पुसता येत नसेल तर तो ठरवून लिहावा. मोजणीआधी ठरावीक कर्तनदराने, ठरावीक काळ नमुना सरकवायचा, म्हणजे प्रत्येक नमुन्याची सुरुवात निदान सारखी होते. या पद्धतीतून एक अतिशय देखणी गोष्ट हाती आली. स्थिर प्रवाह चालू असताना दिशा अचानक उलटवली तर प्रतिबल (द्रवाच्या एकक क्षेत्रावरचे बळ) लगेच नव्या मूल्यावर जात नाही. ते वर-खाली हेलकावत, हळूहळू निवत जाते. वेगवेगळ्या कर्तनदरांना हे हेलकावे काळाच्या अक्षावर मांडले तर ते एकमेकांशी जुळत नाहीत. पण काळाऐवजी एकूण किती सरकवले, म्हणजे एकूण विकृती, या अक्षावर मांडले की सगळे एकमेकांवर चपखल बसतात. या द्रवाचे घड्याळ सेकंदांवर चालत नाही, सरकलेल्या अंतरावर चालते. कारण मारुच्चींच्या विणीतच दडलेले आहे: वीण प्रवाहाच्या जोराप्रमाणे स्वतःला बारीक करते, त्यामुळे तिचा स्वतःचा असा ठरावीक काळ उरत नाही, प्रवाह जो काळ देईल तोच तिचा. हे हेलकावे ताठ पॉलिमरांच्या द्रावणांत फार स्वच्छ दिसतात. वितळलेल्या पॉलिएस्टरांत ते बरेच दबलेले असतात. तरीही वितळलेल्या नमुन्याला स्थिर व्हायला किती सेकंद लागले असे विचारण्यापेक्षा किती विकृती लागली असे विचारावे, ही सवय मी तिथूनच उचलली.

हेलकावे येतात कुठून, या प्रश्नाने जवळपास दोन दशके सिद्धांतकारांना व्यग्र ठेवले. एकाकी ताठ कण कर्तनप्रवाहात काय करतो हे जी. बी. जेफरी यांनी १९२२ सालीच सोडवले होते: तो बराच काळ प्रवाहाच्या दिशेजवळ रेंगाळतो, मग झटकन कोलांटी घेतो, आणि पुन्हा रेंगाळतो. रांगेतल्या रेणूंच्या बाबतीत एरिक्सन आणि लेस्ली यांच्या सिद्धांतानुसार दोन शक्यता उरतात. एका गुणांकाचे चिन्ह एका बाजूला असेल तर संपूर्ण रांग प्रवाहाशी एक छोटा कोन करून स्थिरावते. दुसऱ्या बाजूला असेल तर ती कुठल्याच कोनावर टिकत नाही, सगळी रांगच कोलांट्या घेत राहते. १९७८ साली गॅबोर किस आणि रॉजर पोर्टर यांनी पॉलिबेंझिल ग्लुटामेटच्या द्रावणात एक विचित्र गोष्ट नोंदवली होती. सरकणारा पॉलिमर नेहमी तबकड्यांना एकमेकींपासून दूर ढकलतो. हे द्रावण कर्तनदरांच्या एका पट्ट्यात त्यांना आत ओढत होते. अभिलंब प्रतिबलातला पहिला फरक ऋण झाला होता. यंत्राचा दोष म्हणून अशी नोंद बाजूला टाकणे सोपे होते. तिचे समाधानकारक उत्तर मारुच्ची आणि मॅफेटोने यांनी १९८९ मध्ये दोन मितींत आणि रोनाल्ड लार्सन यांनी १९९० मध्ये तीन मितींत दिले: मंद प्रवाहात रांग कोलांट्या घेते, वेग वाढला की तिच्या दिशेचा विस्कळीतपणा वाढतो, आणि त्या दोन राज्यांच्या सीमेवर रेणूंची विखुरणी अशी होते की बळ उलट्या बाजूला लागते. एका नकोशा चिन्हातून रेणूंच्या वळण्याचा पत्ता लागला.

हा विजय मात्र द्रावणांचा आहे. तो वितळलेल्या पॉलिमरांवर जसाच्या तसा चढवण्याचा मोह अनेकांना झाला, आणि तो मला पटत नाही. वितळलेल्या पॉलिएस्टरांत हा फरक बहुधा धनच मोजला जातो, आणि लवचीक सांधे असलेल्या एका नमुनेदार कोपॉलिएस्टरवर प्रवाह चालू असतानाच घेतलेल्या एक्स-किरणांच्या चित्रांत कोलांट्यांऐवजी स्थिर कोनात लागण्याचेच पुरावे मिळाले. साखळी किती ताठ, तिच्यात सांधे किती, तापमान कुठे, यांवर निकाल बदलतो.

कर्तनापेक्षा ताणाचा प्रवाह या साखळ्यांना अधिक बिनचूक रांगेत लावतो. रुंद नळीतून अरुंद छिद्राकडे जाताना द्रव लांबीच्या दिशेने खेचला जातो, आणि त्या थोड्याशा अंतरात जे घडते ते पुढच्या लांब नळीतल्या कर्तनालाही तितकेसे साधत नाही. छिद्रातून बाहेर पडल्यावर नेहमीचे पॉलिमर फुगतात, कारण ताणलेल्या गुंडाळ्या पुन्हा आखडतात. हे पॉलिमर जवळजवळ फुगतच नाहीत. बाहेर आलेला धागा थोडासा ओढला की त्याची ताठरता वेगाने वाढते आणि लवकरच कमाल मर्यादेला टेकते. रांग निवण्याआधीच पदार्थ गोठतो, कारण रांग विस्कटायला लागणारा काळ मोठा आणि गोठताना बाहेर टाकायची उष्णता नेहमीच्या स्फटिकी पॉलिमरांच्या मानाने अगदी थोडी. अशाच वितळलेल्या पॉलिएस्टरमधून काढलेला व्हेक्ट्रान हा तंतू १९९७ साली मंगळावर उतरलेल्या पाथफाइंडरच्या हवेच्या उशांसाठी वापरला गेला.

अशाच अरुंद नळीतून, म्हणजे केशनळीतून, द्रव दाबून केलेल्या मोजणीने आकड्यांचा गोंधळ आणखी वाढतो. तिथे प्रवेशापाशी ताण, पुढे कर्तन. दोन्हींची सरमिसळ होऊन दाब येतो, आणि नळीची लांबी किंवा प्रवेशाचा कोन बदलला की त्यातून काढलेली श्यानताही हलते. तबकडी मागेपुढे हलवून केलेली दोलनाची मोजणी तर तिसरेच सांगते. कॉक्स आणि मर्झ यांनी १९५८ साली दिलेल्या नियमानुसार बारीक दोलनांत मोजलेली श्यानता आणि स्थिर प्रवाहातली श्यानता एकमेकांशी जुळायला हव्यात, आणि लवचीक पॉलिमरांत त्या इतक्या छान जुळतात की लोक एक मोजून दुसरी गृहीत धरतात. इथे त्या पुष्कळदा जुळत नाहीत. बारीक दोलन विणीला धक्का न लावता तिची चौकशी करते, स्थिर प्रवाह ती वीण मोडून नवी घालतो. दोघांना वेगळी उत्तरे मिळाली तर त्यात आश्चर्य वाटायला नको.

साच्यात हे सगळे एकत्र येते. द्रवाचा पुढचा काठ साच्यात सरकताना मधला द्रव पुढे येऊन भिंतींकडे वळतो, वळताना ताणला जातो, थंड भिंतीला लागताच गोठतो. त्यामुळे वस्तूच्या त्वचेत साखळ्या प्रवाहाच्या दिशेने कडक रांगेत असतात आणि गाभ्यात त्या पुष्कळदा आडव्या किंवा विस्कळीत असतात. अशी वस्तू मोडून पाहिली की ती प्लास्टिकसारखी तुटत नाही, लाकडासारखी उभ्या रेषांत चिरफळते. थरावर थर आणि त्यांतून सुटलेले तंतू नखाने सोलता येतात. प्रवाहाच्या दिशेने आकुंचन जवळजवळ शून्य असते, आडव्या दिशेने ते ठळक दिसते. नेहमीच्या प्लास्टिकमध्ये काचतंतू घातले की दिशांमधला फरक वाढतो. इथे काच किंवा खनिज घातले की तो घटतो, कारण भरीव कण साखळ्यांची एकसंध रांग मोडतात. हे पहिल्यांदा ऐकणाऱ्याला उलटे वाटते. प्रवाहाने रांग लावलेल्या पदार्थाची चिंता रांग थोडी बिघडवण्याची असते, हे एकदा लक्षात आले की मग त्यात काही उलटे राहत नाही.

ओनोगी आणि असादा यांच्या आलेखाचे दोन्ही टोकांचे उतार इथे उपयोगी पडतात. छिद्रातून वेगाने जाताना द्रव अतिशय पातळ असतो आणि मिलिमीटरच्या दोन-तीन दशांश जाडीच्या भिंतीही भरून काढतो. इलेक्ट्रॉनिक जोडण्यांचे अतिबारीक कनेक्टर याच गुणावर उभे आहेत. साचा भरला, वेग मंदावला, की हळू प्रवाहातला विरोध जागा होतो, शिवाय द्रव चटकन गोठतो, आणि साच्याच्या दोन अर्धुकांमधल्या फटीत तो शिरत नाही. इतका पातळ द्रव कडेने गळायला हवा असे वाटते, पण फ्लॅश, म्हणजे फटीतून बाहेर आलेला पातळ पापुद्रा, फारच कमी येतो. प्रयोगशाळेत ज्या पहिल्या भागाच्या कारणांवर आम्ही वाद घालतो, कारखान्यात तो निमूटपणे फायदा देत असतो.

तोट्याची जागा म्हणजे वेल्ड लाइन, द्रवाचे दोन प्रवाह जिथे जुळतात ती रेषा. एखाद्या खिट्टीला वळसा घालून द्रवाचे दोन काठ समोरासमोर येतात तेव्हा दोन्हीकडच्या साखळ्या काठाला समांतर लागलेल्या असतात. लवचीक पॉलिमरात गुंडाळ्या त्या सीमेपलीकडे शिरून गुंततात आणि जोड बराचसा सांधला जातो. ताठ साखळ्या समोरच्या रांगेत शिरत नाहीत, त्यामुळे तिथली ताकद प्रवाहाच्या दिशेतल्या ताकदीचा लहानसा अंश असते. माहितीपत्रकात छापलेली ताकद ही सरळ पट्टीवर, प्रवाहाच्या दिशेने मोजलेली असते. ती वाचून खिट्टीजवळचा भाग किती जाड ठेवायचा हे ठरवणारे आराखडेकार मला अजूनही भेटतात, आणि त्यांच्याशी बोलताना माझा सूर थोडा चढतो हे मी जाणून आहे.

साच्यातल्या प्रवाहाची बहुतेक संगणकीय गणिते श्यानतेला तापमान, कर्तनदर आणि दाब यांवर अवलंबून ठेवतात. रेणूंची दिशा आणि तिची विस्कळ प्रत्येक बिंदूवर वाहून नेणारी समीकरणे आहेत, झीगफ्रीड हेस आणि मसाओ डोई यांच्या कामापासून निघालेली. पण लाखो लहान भागांत विभागलेल्या साच्यावर, दोषांच्या विणीसह, ती चालवणे आजही जड जाते आणि त्यांत भरायचे गुणांक मोजायला पुन्हा आम्हा मोजणाऱ्यांकडेच यावे लागते. म्हणून माझ्या अहवालात श्यानतेच्या प्रत्येक वक्ररेषेखाली मी वाळवण्याचा काळ, गाठलेले कमाल तापमान, तिथला मुक्काम, उतरण्याचा वेग, मोजणीआधी दिलेली विकृती आणि तबकड्यांमधले अंतर एवढे लिहिते. वाचणारे बहुधा थेट वक्ररेषेकडे जातात. ती गणितात घातली की साचा भरेल का याचे उत्तर बऱ्यापैकी बरोबर येते. द्रव साच्यात सोडण्याचे छिद्र वस्तूच्या एका टोकाऐवजी दुसऱ्या टोकाला नेले, तर तेच दाणे, तेच तापमान, तोच दाब आणि तीच वक्ररेषा वापरून भरण्याचा काळ जवळपास तोच येईल, पण वेल्ड लाइन जागा बदलेल, त्वचेतल्या रांगा वळतील आणि वस्तू वेगळ्या ठिकाणी, वेगळ्या भाराला मोडेल.